वरून येणारं ज्ञान "समजूत होण्याजोगं" असतं म्हणजे नेमकं काय?

नगरी_माती

सर्वांना सलाम.

आमच्या बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत सध्या याकोबाचं पत्र चालू आहे. तिसऱ्या अध्यायातलं सतरावं वचन माझ्याकडे आलंय आणि आठ दिवस झाले, मी एकाच शब्दापाशी अडून बसलोय. वरून येणारं ज्ञान कसं असतं ते याकोब सांगतो. आधी शुद्ध, मग शांतिप्रिय, सौम्य, आणि त्यानंतर आपल्या पवित्र शास्त्रात शब्द येतो "समजूत होण्याजोगे". सण्डे स्कूलपासून हे वचन पाठ आहे, पण या शब्दावरून मी कायम घाईने पुढे "दया व सत्फळे" गाठायचो. मूळ ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त इथे, एकदाच आलाय. ज्याला काही सांगता येतं, जो ऐकून घेतो, पटलं की वळतो, असा त्याचा अर्थ.

मी आजवर ज्ञानी माणूस म्हणजे दुसऱ्याची समजूत घालणारा असं धरून चाललो होतो. याकोब तर म्हणतोय की ज्ञानी माणसाची समजूत घालता येते!

यावरून आमच्या गावच्या बाई आठवल्या. मिशन शाळेतून निवृत्त झालेल्या, अख्खं गाव त्यांना बाईच म्हणायचं. मी बारा वर्षांचा असताना आमच्या मंडळीत चर्चच्या छपरावरून दोन तट पडले होते. जुनी मंगलोरी कौलं ठेवायची की पत्रे टाकायचे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण उपासना संपली की माणसं एकमेकांना सलाम न करता घरी जायची. बाई कौलांच्या बाजूच्या. पत्रेवाल्यांचे पुढारी एसटीतून निवृत्त झालेले एक मामा, आवाज मोठा, कमिटीत कोणाला बोलू द्यायचे नाहीत.

एका संध्याकाळी मी बाईंकडे दूध द्यायला गेलो तर मामा ओट्यावर बसलेले आणि बाई सुपात तांदूळ निवडतायत. मामा तावातावाने बोलत होते. ते थांबले की बाई खडा बाजूला टाकत म्हणायच्या, "अजून काही राहिलंय का? असेल तर सांग." पुन्हा मामा सुरू. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मामांचा आवाज एकदम खाली आला. दरवर्षी मृगाच्या आधी कौलं बदलायला त्यांचाच मुलगा वर चढायचा. आदल्या वर्षी तो घसरून पडला, सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता, आणि कमिटीतलं एक माणूस विचारायला आलं नव्हतं. हे ते कधी कोणाला बोलले नव्हते. भांडण पत्र्यांचं चाललं होतं, दुखणं हे होतं.

त्या रविवारी उपासनेनंतर बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी कौलांच्या बाजूची होते. पण वर कोण चढतं, ते मी कधी विचारलं नाही. माझं चुकलं. पत्रे टाका." बस, एवढंच. थोडा वेळ सगळे गप्प होते आणि मग मामाच म्हणाले की दर्शनी बाजूची कौलं राहू द्या, मागे तेवढे पत्रे टाकू. आजही ते छप्पर तसंच आहे. दोन घरं रुसली ती रुसलीच, दुसऱ्या मंडळीत गेली, हेही सांगायला हवं.

आता माझं. मी मोठा झालो, पत्राद्वारे बायबल कोर्स केला, वचनं तोंडावर आली. पाच वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने मंडळीत येणं सोडलं. मी पुण्याहून गावी गेलो, त्याच्यासमोर बसलो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला एक वचन दिलं. शेवटी तो गप्प झाला. मला वाटलं, पटलं. परत येताना एसटीत बायको म्हणाली, "भाऊजी पटून गप्प नाही बसले, दमून बसले." तेव्हापासून तो माझ्याशी पाऊस आणि कांद्याचा भाव याखेरीज काही बोलत नाही.

म्हणून विचारतोय. दुसऱ्याचं मन वळतं ते आपण आधी वळायला तयार असलो तरच का? आणि तसं असेल तर मग आपण कशावर ठाम राहायचं? तुमचे अनुभव लिहा.

वसईची_वाट

जय ख्रिस्त दादा. मी कॅथलिक आहे, पण धागा वाचून राहवलं नाही.

शलमोनाने देवाकडे काय मागितलं ते पाहा (१ राजे ३). आपण सरसकट म्हणतो की त्याने ज्ञान मागितलं. आमच्या पॅरिशच्या बायबल वर्गात फादरांनी सांगितलं होतं की हिब्रूत तिथे शब्दशः "ऐकणारं हृदय" असं आहे. राजा होता, सगळे त्याचंच ऐकणार होते. त्याने मागितलं काय, तर ऐकण्याची ताकद. आमच्या बायबलमध्ये सिराखचाही ग्रंथ आहे. त्याच्या सहाव्या अध्यायातही हेच, की तुला ऐकायची आवड असेल तर तू शिकशील.

मी नर्स आहे. रात्रपाळीला कॅन्सरच्या वॉर्डात असते. नवीन होते तेव्हा पेशंटने "सिस्टर, देव मला का शिक्षा करतोय?" विचारलं की मी लगेच उत्तर द्यायचे. आता खुर्ची ओढून बसते, सलाईनचे थेंब बघते आणि ते काय म्हणतात ते ऐकते. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना गळ्यातल्या क्रुसावरून कळतं. पहाटे चार वाजता एका मुस्लिम आजींनी माझा हात धरून "बेटी, तू भी दुआ कर" म्हटलं होतं. मी त्यांना काहीच शिकवलं नव्हतं.

जुनी_दिंडी

नगरी_माती, तुमच्या बाईंना माझा सलाम. पण जरा सावध करतो. वय झालंय, म्हणून स्पष्ट लिहितो.

याकोबाने "शुद्ध" हा शब्द पहिला ठेवलाय, "मुळात शुद्ध". समजूत होण्याजोगं त्यानंतर येतं. क्रम उलटा केला की ज्ञान राहत नाही, नुसता मऊपणा उरतो. मोशेचा भाऊ अहरोन, त्याचं तेच झालं. लोक म्हणाले, देव करून दे, आणि त्याने सोन्याचं वासरू करून दिलं. त्याचीही समजूत घातली होतीच की लोकांनी.

मला या बाबतीत कायम पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय विधवा मुली तिथे यायच्या. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन आलेल्या. तरी सदनात त्यांनी मुलींचे सोवळ्याचे, जातीचे नियम सांभाळले. स्वयंपाक वेगळा, ज्या मुलीला आपली पूजा करायची तिला ती करू दिली. किती वाकल्या बघा! ख्रिस्ती मित्रांनीही त्यांना याबद्दल बोल लावले. पण त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली आपणहून जाऊन बसायच्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात काहूर माजलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद करा, एवढंच म्हणणं होतं. ते त्यांनी ऐकलं नाही.

म्हणजे दुसऱ्याच्या चुलीबाबत त्या वळल्या, आपल्या प्रार्थनेबाबत वळल्या नाहीत. नगरी_माती, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं.

दौंड_लाइन

दिंडीकाका, रमाबाईंबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. आमच्या घरातल्या दोन पिढ्या त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शिकल्या. तरी त्या उघड्या दाराबद्दल मला वेगळं वाटतं. ज्या बापाने समाजाचा रोष पत्करून आपली विधवा मुलगी तिथे ठेवली, धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या शब्दावर ठेवली, त्याला ते दार कसं दिसलं असेल? रानडे काही त्यांचे शत्रू नव्हते. सुधारणेसाठी त्यांनीही शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांचं म्हणणं ऐकण्याजोगं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझ्यावर जास्त परिणाम झालाय तो नंतरच्या रमाबाईंचा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, शेकड्यांनी. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या, संस्कृतची एवढी मोठी पंडिता! ज्या बाईला जड मराठी कळत नाही तिला कळावं म्हणून. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. माझी पणजी तिथे खिळे जुळवायला शिकली होती, छापखाना मुलीच चालवायच्या. पणजीला कोणी पंडितांच्या वादविवादाबद्दल विचारलं तर ती म्हणायची, आई आमच्यासारखं बोलायच्या.

युवक_२४

मी आमच्या तरुण संघाचा सेक्रेटरी आहे. मोकळेपणाने लिहितो, राग मानू नका.

"ज्ञान", "नम्रता", "ऐकून घ्या" हे शब्द आमच्या मंडळीत नेहमी आमच्याच वाट्याला येतात. आम्ही हिशेब मागितला की आम्हाला नीतिसूत्रं वाचून दाखवतात. नाताळच्या कार्यक्रमाचे पैसे कुठे गेले विचारलं तर म्हणे वडीलजनांचा मान ठेवा. समजूत होण्याजोगं फक्त आम्हीच व्हायचं का? ईयोबाच्या पुस्तकात अलीहू हेच म्हणतो की वय झालं म्हणजे ज्ञान आलंच असं नाही. माझ्याबरोबरची सहा मुलं गेल्या दोन वर्षांत यायची बंद झाली. त्यांना कोणी काही चुकीचं शिकवलं नाही. त्यांचं कोणी ऐकलंच नाही.

नगरी_माती

युवक, राग कसला? तुझ्या पोस्टमुळे मी काल रात्री पुन्हा शास्त्र उघडून बसलो.

१ शमुवेल २५ काढ. अबीगईलची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण या शब्दाचा चष्मा लावून वाचल्यावर मला ती नवीनच दिसली. नाबाल श्रीमंत, तीन हजार मेंढरं, एक हजार शेरडं. दाविदाच्या माणसांनी त्याचे कळप राखले आणि कातरणीच्या वेळी थोडं अन्न मागितलं तर त्याने अपमान करून हाकलून दिलं. दावीद चारशे माणसं तलवारी बांधून घेऊन निघाला, घरातला एक पुरुष जिवंत ठेवणार नाही म्हणून. हे अबीगईलला कोण सांगतं? एक चाकर. आणि तो नाबालाबद्दल काय म्हणतो? की हा असा माणूस आहे की याच्याशी कोणाला बोलताच येत नाही. याकोबाच्या शब्दाच्या बरोबर उलट!

त्या घरात चाकराचं ऐकणारं माणूस एकच होतं. तिने ऐकलं आणि लगेच गाढवांवर लादायला घेतलं. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधलेली पाच मेंढरं, पाच मापं हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिराच्या दोनशे ढेपा. मग डोंगराच्या आडोशाने उतरताना दावीद समोर आला. ती काय बोलली ते आपण नेहमी वाचतो. दाविदाने काय केलं ते मी नीट पाहिलं नव्हतं. चारशे माणसांसमोर, शपथ घेऊन निघालेला तो लढवय्या एका अनोळखी बाईचं ऐकतो, तिच्या शहाणपणाला धन्य म्हणतो आणि मागे फिरतो.

आता ही माणसं ओळीने मांड. शलमोन राजा. दावीद हत्यारबंद. मोशे, ज्याला सासरे यित्रो म्हणतात की तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसतोस हे बरं नाही, आणि मोशे त्यांचं सगळं ऐकतो (निर्गम १८, यित्रो तर मिद्यानाचे याजक, बाहेरचे!). नामान सेनापती, ज्याला बायकोच्या लहानग्या दासीने वाट दाखवली आणि यार्देनेत उतरायला चाकरांनी राजी केलं. प्रत्येक ठिकाणी ज्याच्या हातात सत्ता आहे तो ऐकतोय, आणि बोलणारा त्याच्याहून लहान आहे. आणि शलमोनाचा मुलगा रहबाम? तो राजा झाल्यावर त्याच्याकडे लोक आले, जू हलकं करा म्हणाले, त्याने ऐकलं नाही. इस्राएलाचे दहा वंश त्याच्या हातून गेले.

तेव्हा तुझं बरोबर आहे. हा शब्द आधी कमिटीच्या टेबलाच्या त्या बाजूला बसणाऱ्यांना लागू होतो. मला लागू होतो. मी थोरला भाऊ होतो.

मोहरीचा_दाणा

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

अबीगईल घरी परत आली तेव्हा नाबाल मेजवानीत पिऊन तर्र होता. तिने त्याला सकाळ उजाडेपर्यंत अवाक्षर सांगितलं नाही. आणि दाविदाकडे निघतानाही तिने त्याला सांगितलं नव्हतं. हे दोन्ही वचनांत स्पष्ट आहे.

माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली. पहिली आठ वर्षं मला मंडळीतून सांगायचे की प्रार्थना कर, ऐकत जा, तुझ्या वागण्याने तो जिंकला जाईल. मी ऐकत गेले. मग आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नीने एक दिवस मला स्वयंपाकघरात बसवून विचारलं, मुलं कुठे झोपतात? एवढंच विचारलं. मी रडायला लागले. त्या त्याच रात्री मला आणि मुलांना आपल्या घरी घेऊन गेल्या. नवरा शुद्धीवर असताना, सकाळी, पाळकसाहेब आणि माझा भाऊ जाऊन त्याच्याशी बोलले. तो आता सहा वर्षं प्यायलेला नाही. पण त्या रात्री कोणी आणखी एक वचन सांगितलं असतं तर मी मंडळी कायमची सोडली असती.

वसईची_वाट

ताई, तुमच्यासाठी आणि मुलांसाठी आज रोझरी म्हणेन. लिहिलंत, फार बरं केलंत.

जुनी_दिंडी

दोन दिवस विचार करत होतो.

दौंड_लाइन, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या बापाच्या बाजूने मी कधी पाहिलंच नव्हतं. रमाबाई चुकल्या असं मी अजूनही म्हणणार नाही, पण रानड्यांना एका ओळीत निकालात काढलं ते बरोबर नव्हतं.

मोहरीताई, मीही कित्येक वर्षं वडीलजन होतो. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते मीही बायांना सांगितलंय. आता वाचून वाईट वाटतंय.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक सांगतो आणि थांबतो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं झालं, त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून ते गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही साक्ष मी अनेकदा व्यासपीठावरून सांगितलीय. पण त्याच घरातली दुसरी बाजू मी सांगत नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ती बातमी नंतर कळली. त्यांचं काय झालं असेल! काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या नगरला आल्या तेव्हा टिळकांनी घाई केली नाही. सोवळं पाळायचं ते त्या पाळत राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांचं त्यांना उमगलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य अर्धवट होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मला तर वाटतं, त्या वाट पाहण्याच्या वर्षांत टिळकांना जे शिकायला मिळालं ते आगगाडीतल्या पुस्तकातून मिळालं नसतं.

युवक, तुझ्या गावची मंडळी कोणती ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. माझ्या मंडळीतल्या पोरांनी गेल्या ईस्टरला हिशेब मागितला होता. मी कमिटीत आहे. येत्या रविवारी तो वाचून दाखवायचा असं मी काल सेक्रेटरींना कळवलंय.

युवक_२४

काका, काय लिहू कळत नाहीये. सलाम.

नगरी_माती

तीन आठवड्यांनी लिहितोय.

भावाला फोन केला. म्हटलं, "त्या वेळी तू काय सांगत होतास ते मी पूर्ण ऐकलं नव्हतं. आता सांगशील का?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "फोनवर नको. शनिवारी ये. चाळ निवडायची आहे."

गेलो. कांद्याच्या चाळीत दोघंच बसलो. सडलेला कांदा बाजूला काढायचा, चांगला परत रचायचा. पहिला तासभर तो काहीच बोलला नाही. मीही नाही. दोनदा माझ्या तोंडात वचन आलं, दोनदा गिळलं. मग त्याने बोलायला सुरुवात केली. त्याची धाकटी मुलगी जन्मानंतर अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. मी तेव्हा पुण्याहून त्याला मेसेजवर वचन पाठवलं होतं, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते. आलो नव्हतो. मला आठवतही नव्हतं. त्याच्या फोनमध्ये तो मेसेज अजून होता, त्याने हात पुसून काढून दाखवला. मंडळीतूनही कोणी गेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी यायला हवं होतं." त्याने मान हलवली आणि दुसरा ढीग पुढे ओढला.

बुधवारी सतराव्या वचनावर बोललो. दहा मिनिटांतच संपवलं. बाईंचं आणि मामांचं सांगितलं, भावाचं त्याला विचारल्याशिवाय नाही सांगितलं. इथे लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाला, नाव टाकू नको.

तो मंडळीत परत येईल का असं दोघांनी मला वैयक्तिक निरोपातून विचारलंय. मी त्याला विचारलेलं नाही. चाळ निम्मी राहिलीय, या शनिवारी परत जातोय. पुतणी आता सहा वर्षांची आहे, तिला रंगपेटी हवीय, ती आजच घेऊन ठेवतो.